दार अडवण्याआधी दार ठोठावा

वस्तीत आरोग्य शिबिर लावले की एक प्रश्न आजही हमखास येतो. "ताई, ते कोरोनाच्या लसीचे सर्टिफिकेट ठेवायचे की टाकून द्यायचे?" कुणी ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले आहे, कुणी लॅमिनेट करून घेतले आहे, तर कुणाचे जुन्या मोबाइलबरोबरच गेले. प्रश्न साधा आहे, पण त्यामागे अजून धाक आहे. ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२२ या काळात मुंबईत कुणी लोकलने कामाला जायचे आणि कुणी घरी बसायचे हे त्या एका कागदावर ठरत होते. तो धाक लोक विसरलेले नाहीत आणि उद्या दुसरी साथ आली तर तोच कागद पुन्हा मागितला जाईल, हेही ते ओळखून आहेत.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर या विषयावर थोडे सविस्तर बोलू. रोजच्या व्यवहारात, म्हणजे गाडीत बसताना, दुकानात शिरताना, रेशन घेताना, कामावर जाताना, शाळेत मुलाचे नाव घालताना, लसीचा दाखला मागणे योग्य आहे का? कुठे योग्य, कुठे अन्याय?

आमची भूमिका आधीच सांगतो. आम्ही लसीच्या बाजूचे आहोत. आमच्यातल्या काही जणींनी वॉर्डात नोकरी केली आहे आणि दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या बेडसाठी लोकांची झालेली वणवण जवळून पाहिली आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे कुणाला वेगळे ठेवणार? अशा घरांना लसीचा आधार सगळ्यांत जास्त लागतो. त्यामुळे लस घ्या, हे आम्ही कालही सांगत होतो आणि उद्याही सांगू. आमचा आक्षेप एका गोष्टीला आहे. लस माणसापर्यंत पोहोचली की नाही हे न पाहता दारावर आधी कागद मागायचा, याला.

९ मेचा हिशेब

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सर्वसामान्य प्रवाशांना मुंबईची लोकल बंद झाली. ८ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केले, की १५ ऑगस्टपासून लोकल पुन्हा मिळेल, पण दोन्ही डोस घेतलेल्यांना आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेल्यांनाच. ऐकायला हा नियम सगळ्यांना सारखा वाटतो. आता वहीवर हिशेब मांडून पाहू.

१३ मे २०२१ रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले. म्हणजे कमीत कमी ८४ दिवस. १५ ऑगस्टला लोकलमध्ये बसायचे, तर दुसरा डोस १ ऑगस्टपर्यंत हवा. म्हणजे पहिला डोस ९ मेपर्यंत झालेला हवा. ९ मे रोजी परिस्थिती काय होती? १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीकरण १ मेला सुरू झाले होते, ते नावापुरते. केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यासाठीही कोविन पोर्टलवर आधी वेळ घ्यावी लागे. दुपारी स्लॉट उघडला की दोन-चार मिनिटांत संपे. मेच्या मध्यावर तर साठा अपुरा म्हणून राज्यात या वयोगटाचे लसीकरणच थांबवावे लागले. मोबाइल न लागता थेट केंद्रावर नाव नोंदवण्याची मुभा या वयोगटाला केंद्र सरकारने दिली, ती २४ मेला. १८ वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्राच्या खर्चाने मोफत लस सुरू झाली, ती २१ जूनला.

आता समजा, तिशीतला एक नाका कामगार दुसऱ्याच दिवशी, २२ जूनला, रांगेत उभा राहिला आणि त्याला कोविशिल्डचा पहिला डोस मिळाला. त्याचा दुसरा डोस लवकरात लवकर १४ सप्टेंबरला. त्यावर १४ दिवस. तो लोकलमध्ये चढणार २८ सप्टेंबरला. या माणसाने काहीही टाळले नाही, कुठल्या अफवेवर विश्वास ठेवला नाही, एक दिवसही उशीर केला नाही. तरी त्याची दीड महिन्याची गाडी चुकली.

त्याच २२ जूनला दुसऱ्या एकाने खासगी रुग्णालयात पैसे भरून कोव्हॅक्सिन घेतली. तिचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने घेता येत. म्हणजे दुसरा डोस २० जुलैला आणि ३ ऑगस्टला तो प्रवासाला मोकळा. कोव्हॅक्सिन सरकारी केंद्रांवरही होती, पण तिथे बहुतेकांच्या वाट्याला कोविशिल्डच येई. खासगीत कोव्हॅक्सिनचा कमाल दर होता एका डोसला १,४१० रुपये आणि कोविशिल्डचा ७८०. घरात चार प्रौढ माणसे असतील तर दोन-दोन डोसांचे किती होतात ते ज्याचे त्याने पाहावे.

गरोदर बायांचे तर आणखी वेगळे. त्यांना लस घ्यायची परवानगीच मिळाली २ जुलै २०२१ रोजी. त्याआधी आम्हीच त्यांना केंद्रावरून परत पाठवत होतो, कारण नियम तसा होता. मग १५ ऑगस्टला त्यांच्याकडे दोन डोसांचा दाखला कुठून येणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!

दाखला मिळाला तरी तो हातात असणे ही दुसरी लढाई. कोविनवर एका मोबाइल नंबरावर सुरुवातीला चार जणांची नोंद होई. वस्तीत एका शिकलेल्या मुलाच्या नंबरावर शेजारची तीन माणसे नोंदवलेली. ओटीपी त्याच्या फोनवर येणार. तो मुलगा कामाला गेला किंवा रिचार्जअभावी नंबर बंद पडला, की तिघांचे दाखले अडकले. इंग्रजीत नाव टंकताना एखादे अक्षर चुकले, की आधारशी जुळत नाही म्हणून स्टेशनवरून परत. लस दंडात असून कागदावर नाही, अशी माणसे आम्ही डझनांनी पाहिली.

लोकलच्या दारापासून रेशनच्या दुकानापर्यंत

एकदा दारावर कागद मागायची सवय लागली, की दारे वाढत जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, लसीकरण मागे पडले म्हणून प्रशासनाने आदेश काढला, की निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये. त्याच महिन्यात ठाणे महापालिकेने लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याची भूमिका घेतली. २७ नोव्हेंबरला राज्य सरकारचा आदेश आला. दुकाने, मॉल, समारंभ आणि सार्वजनिक वाहने यांत पूर्ण लसीकरण झालेल्यांनाच प्रवेश. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड आणि अशा माणसाला आत घेणाऱ्या दुकानाला किंवा संस्थेला १०,००० रुपये. वैद्यकीय कारणाने लस घेता न येणाऱ्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर सूट होती, एवढे त्यात चांगले होते. पण ती सूट आहे हे वस्तीत कुणाला ठाऊक होते आणि तसा दाखला लिहून देणारा डॉक्टर कुणाला सापडला, हा प्रश्न उरतोच.

घरकाम करणाऱ्या भगिनींचा अनुभव वेगळा लिहायला हवा. सोसायटीच्या गेटवर वॉचमन त्यांच्याकडे सर्टिफिकेट मागे. धुणीभांडी करणारी, स्वयंपाक करणारी, गाडी धुणारा, कचरा उचलणारा, सगळ्यांना कागद दाखवावा लागे. त्याच गेटमधून साहेब आणि बाईसाहेब कुणी न विचारता आत-बाहेर करत. रोगाला काही कामवाली आणि मालकीण यांतला फरक कळत नाही. नियम जंतूसाठी असता तर तो दोघांना लागला असता.

सार्वजनिक जागेचे दार कुणाला उघडे आणि कुणाला बंद, हा प्रश्न आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. पण म्हणून लसीची अट आणि जातीची अट एकच, असे आम्ही म्हणणार नाही. ती गल्लत होईल. जात माणूस बदलू शकत नाही, लस मात्र घेऊ शकतो. फक्त 'घेऊ शकतो' हे शब्द तेव्हाच खरे, जेव्हा लस त्याच्या गल्लीत, त्याच्या सुट्टीच्या वेळेला आणि फुकट मिळते. ती मिळत नसेल, तर पुरी करता न येणारी अट घालून माणसाला बाहेर ठेवले, असाच त्याचा अर्थ होतो.

पुण्याची प्लेगची साथ

हा वाद आजचा नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात शिरून तपासणी करू लागले, माणसे उचलून छावणीत नेऊ लागले, सामान जाळू लागले. लोकांनी काय केले? रोगी लपवले. मेलेल्या माणसाची बातमीसुद्धा दडवली. साथ आटोक्यात यायची ती घराघरांत दडून वाढली.

त्याच काळात मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आजही परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. पुढे ही लस घेतलेल्यांना दाखला मिळू लागला आणि तो जवळ असला की छावणीत डांबण्यासारख्या काही जाचक नियमांतून सूट मिळे. म्हणजे लसीचा दाखला दाखवून सुटका करून घेण्याची पद्धत आपल्याकडे सव्वाशे वर्षे जुनी आहे.

आणि त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले काय करत होत्या? त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई वस्त्यांत फिरून रोगी शोधत आणि तिथे आणत. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक प्लेगचे मूल त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहर एकच. एकीकडे सरकारचा सोल्जर दार फोडत होता आणि दुसरीकडे सावित्रीमाई दार ठोठावत होत्या. लोकांनी कुणाला घरात घेतले हे सांगायला नको.

दाखला मागणाऱ्यांचे म्हणणे

दाखल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे, कारण त्यांचे सगळेच चूक नाही. ते म्हणतात, माझे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या नाकापाशी संपते. मी लस न घेता गर्दीत शिरलो आणि माझ्यामुळे एखादी म्हातारी, एखादा डायलिसिसचा रुग्ण आजारी पडला, तर माझी मर्जी कुठवर चालवून घ्यायची? हा प्रश्न रास्त आहे.

आमच्या पेशात तर असा नियम आम्ही स्वतः मानतो. रुग्णाला सुई टोचणाऱ्या परिचारिकेने हिपॅटायटिस बी ची लस घेतलेलीच असावी. कॅन्सरच्या वॉर्डात, अतिदक्षता विभागात, नवजात बाळांच्या खोलीत काम करणाऱ्याला लसीचा पुरावा मागितला तर त्यात अपमान काही नाही. तिथला रुग्ण स्वतःला वाचवू शकत नाही आणि आपण ती नोकरी समजून-उमजून पत्करलेली असते. आफ्रिकेतल्या काही देशांत जायचे तर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, तेही जगभर मान्य आहे.

दुसरा मुद्दा असा, की अट घातली की लोक हलतात. हेही खरे आहे. लोकलची अट आल्यावर केंद्रांवर रांगा वाढल्या, हे आम्ही पाहिले. पण कागदाच्या खोट्याचा बाजार त्या अटीच्या आधीच मांडला गेला होता. मे-जून २०२१ मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत आणि मुंबईत इतर काही ठिकाणी बनावट लसीकरण शिबिरे झाल्याचे उघडकीस आले. २,००० हून अधिक लोक फसवले गेले. त्यांतल्या काहींना सर्टिफिकेटही मिळाले होते, तेही भलत्याच रुग्णालयांच्या नावाने. कागद होता, दंडात लस नव्हती. कागदाला भाव आला की कागद विकला जातो. रोग मात्र कागद वाचत नाही.

लस कुणाला वाचवते, हे पाहा

अट योग्य की अयोग्य हे ठरवायला एक साधी कसोटी आहे. ती समजून घेतली की अर्धा वाद मिटतो. विचारायचे असे: ही लस फक्त घेणाऱ्याला वाचवते, की त्याच्यापासून दुसऱ्याला होणारी लागणही थांबवते?

कोरोनाच्या लसीचे मोठे काम पहिले. लस घेतलेला माणूस अत्यवस्थ होण्याची आणि दगावण्याची शक्यता खूप कमी झाली. लागण थांबवण्याचे काम तिने सुरुवातीच्या महिन्यांत काही प्रमाणात केले, पण तो परिणाम लवकर ओसरे. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनला नाव दिले आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे दुकान-बाजारात लसीची अट आली. जानेवारीच्या तिसऱ्या लाटेत मात्र दोन्ही डोस घेतलेल्यांनाही घरोघर लागण झाली आणि त्यांच्यापासून इतरांनाही झाली. तरी रुग्णालये दुसऱ्या लाटेसारखी भरली नाहीत. म्हणजे लसीने आपले काम चोख केले. फक्त दारावर कागद तपासून डब्यातली लागण थांबेल, हा हिशेब चुकला.

गोवराचे उलटे आहे. गोवर झालेल्या एका मुलापासून, ज्यांना लस नाही अशा १२ ते १८ जणांना तो होऊ शकतो. रोगी मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. पण लसीचे दोन डोस झालेल्या १०० मुलांतल्या ९५ हून अधिक मुलांना गोवर होतच नाही, त्यामुळे त्यांच्यापासून तो पुढेही जात नाही. वस्तीतल्या ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झाले, तर नऊ महिन्यांच्या आतले तान्हे बाळही वाचते, ज्याला नियमाप्रमाणे अजून लस देताच येत नाही. इथे माझ्या मुलाची लस ही खरोखर शेजारच्या बाळाची ढाल आहे. म्हणून बालवाडीत किंवा शाळेत लसीकरणाचे कार्ड पाहायला मागणे आम्हाला योग्य वाटते. पण कार्ड पाहून मुलाला परत पाठवणे योग्य नाही. कार्ड पाहून, राहिलेली लस देण्यासाठी नर्सताईला बोलावणे योग्य. शिक्षण हक्क कायदा २००९ वयाचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारू देत नाही. मग कार्ड हरवले म्हणून मुलाने घरी का बसावे?

न्यायालयाने काय म्हटले

मुंबईतल्या लोकलच्या अटीविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने दाखवून दिले, की हे आदेश काढताना आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या नियमांत सांगितलेली पद्धत पाळलेली नव्हती. त्याआधी जानेवारीत केंद्र सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते, की कुणालाही बळजबरीने लस देण्याचे आपले धोरण नाही आणि कोणत्याही कामासाठी लसीचे प्रमाणपत्र सक्तीचे करणारा नियम आपण केलेला नाही. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला राज्याने सगळे निर्बंध उठवले.

त्यानंतर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी तो दिला. वस्तीतल्या प्रत्येकाला तो साध्या शब्दांत माहीत असावा. एक, स्वतःच्या शरीरावरचा अधिकार हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे, त्यामुळे कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. दोन, तरीही साथीच्या काळात लोकांच्या आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकते, पण त्याला कायद्याचा आधार हवा, खरी गरज हवी आणि निर्बंध गरजेपेक्षा जास्त नको. तीन, लस न घेतलेल्यांपासून लस घेतलेल्यांपेक्षा जास्त लागण होते हे दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आली नाही, म्हणून रुग्णसंख्या कमी असताना अशा अटी योग्य मानता येणार नाहीत. चार, लसीनंतर होणाऱ्या त्रासाची माहिती, लोकांची खासगी ओळख उघड न करता, सर्वांसमोर ठेवावी.

न्यायालयाने लसीला नाकारले नाही. लसीचे धोरण मनमानी आहे असेही म्हटले नाही. काहींनी हा निकाल 'लस चुकीची होती' असा फिरवला, तो खोटा प्रचार आहे. आणि हा निकाल कोरोनाच्या त्या परिस्थितीपुरता आहे. मुलांच्या नेहमीच्या लसी टाळायला त्याचा आधार कुणी घेऊ नये.

गोवंडीने शिकवलेला धडा

ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला आणि मुले दगावली. कोरोनाच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण मागे पडले होते. ज्या मुलांचा एकही डोस झाला नव्हता, ती सगळ्यांत आधी सापडली. त्या वेळी कुणी दारावर कागद मागितला नाही. पालिकेच्या आरोग्यसेविका आणि आशाताई घराघरांत गेल्या, ताप-पुरळाची मुले शोधली, 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दिले, लसीची जादा सत्रे लावली. जिथे आई-बाप तयार नव्हते, तिथे वस्तीतले डॉक्टर आणि धर्मगुरू यांना सोबत घेतले.

कोरोनातही हाच धडा मिळाला होता. नोव्हेंबर २०२१ पासून 'हर घर दस्तक' ही मोहीम देशभर सुरू झाली आणि लस घरापर्यंत आली. आम्ही बुद्धविहारात रात्री शिबिरे लावली, तेव्हा आलेल्या बहुतेकांना लसीची भीती नव्हती. ते सांगत, "ताई, दिवसा आलो तर रोज बुडतो. ताप आला तर आणखी दोन दिवस बुडतात. ते कोण देणार?" हे अज्ञान नाही, हा पोटाचा हिशेब आहे. त्याला उत्तर दंडाच्या पावतीने मिळत नाही. संध्याकाळचे केंद्र, फुकट लस, तापाची गोळी आणि दोन दिवसांची भरपगारी सुट्टी, हे त्याचे उत्तर आहे.

आपण काय करावे

१. कोरोनाच्या लसीचे सर्टिफिकेट टाकू नका. त्याची छापील प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवा आणि फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा.

२. बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड आधारइतकेच जपा. ते हरवले तर लस थांबवू नका. आरोग्यसेविकेच्या नोंदीतून नवे कार्ड बनते. नोंदही मिळाली नाही तर लस झालेली नाही असे धरून पुन्हा देतात. गोवराचा डोस पुन्हा झाल्याने बाळाला अपाय होत नाही.

३. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिला असेल तर ५ वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळतो. 'आता उशीर झाला' असे म्हणून घरी बसू नका.

४. सफाई, कचरा आणि रुग्णालयात काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस बी ची लस घ्यावी. हिपॅटायटिस बी चे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. त्याचा खर्च ठेकेदाराने किंवा मालकाने करावा, अशी लेखी मागणी सगळ्यांनी मिळून करा.

५. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसा. आधी कधी लसीने अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, चक्कर येऊन पडला असाल तर ते नर्सला आधी सांगा. अशा माणसाला ती लस नको असेल तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या.

६. उद्या कुणी दारावर लसीचा दाखला मागितला तर भांडू नका, तीन प्रश्न विचारा. लेखी आदेश आहे का? तो कुणी काढला? ज्याला लस मिळालेली नाही किंवा घेता येत नाही, त्याची सोय काय? सोसायटीच्या गेटवर विचारा, हा नियम आत राहणाऱ्यांनाही आहे का?

७. रेशन कुणी अडवले तर गप्प बसू नका. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये लसीची अट नाही. शिधावाटप कार्यालयात किंवा तहसीलदाराकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

८. प्रत्येक विहारात लसीची एक वही असावी. कुणाच्या बाळाची कोणती लस कधी आहे याची त्यात नोंद ठेवावी आणि आदल्या दिवशी कुणीतरी त्या घरी जाऊन आठवण करावी. वही कपाटात ठेवा. कुणाची नावे फळ्यावर लावून कुणाला खाली मान घालायला लावू नका.

सरकारला आमचे एवढेच सांगणे आहे. पुढच्या साथीत अट घालायची असेल तर तिची तारीख ठरवण्याआधी वस्तीतल्या शेवटच्या घराचा हिशेब मांडा. त्या घराला पहिला डोस कधी मिळाला, दुसरा कधी मिळणार, कागद कुणाच्या मोबाइलवर आहे, हे आधी पाहा. जिथे रुग्ण स्वतःला वाचवू शकत नाही, तिथे दाखला जरूर मागा. पण भाकरी, प्रवास, औषध आणि शाळा यांच्या दारावर कागदासाठी माणूस उभा करू नका. तोच माणूस लसीची पेटी देऊन वस्तीत पाठवा. दार आम्ही उघडू.

जयभीम.